डायरेक्ट सेलिंगमधून महिन्याला चार-पाच हजार: गिऱ्हाईक धरून कसं करायचं

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला उठून जायचंय तो आत्ताच जाईल. घर किंवा नोकरी सांभाळून, रोजचे दीड-दोन तास देऊन, डायरेक्ट सेलिंगमधून (म्हणजे दुकानाशिवाय, कंपनीचा माल थेट लोकांच्या घरी विकून) महिन्याला दोन ते पाच हजार रुपये हातात राहतात, तेही जम बसल्यावर, आणि जम बसायला वर्षभर तरी धरा. हा माझा आणि माझ्या ओळखीच्या चार बायकांचा अंदाज आहे. नोकरी सोडा, फॉर्च्युनर घ्या, चाळिशीत रिटायर व्हा असं स्टेजवरून ऐकून आला असाल तर पुढचं वाचून मूड जाईल.

मी चिंचवडला राहते, फ्लोअर क्लीनर, भांड्यांचं लिक्विड, टूथपेस्ट, साबण, थोडं स्किनकेअर असं विकते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण लिहिलं की लगेच "ताई तुमच्या आयडीखाली जॉइन करता येईल का" चालू होतं आणि मला डाउनलाइन, म्हणजे माझ्याखाली जॉइन झालेली माणसं, नकोय, मला गिऱ्हाईक हवंय. सगळं गाइड ह्या एका गोष्टीवरच आहे खरं तर.

ह्या धंद्यात पैसे दोन ठिकाणांहून येतात. एक, तुम्ही माल डिस्ट्रिब्युटर भावात घेता आणि एमआरपीला विकता, मधला फरक तुमचा. दोन, तुमच्याखाली जॉइन झालेल्यांच्या खरेदीवर कंपनी कमिशन देते. मीटिंगमध्ये दीड तास दुसऱ्या पैशाबद्दल बोलतात, पहिल्याबद्दल पाच मिनिटं, आणि बोलणारा बऱ्याचदा कोट घातलेला असतो. पण पहिला पैसा तुमच्या हातात आहे, शेजारच्या वहिनींना साबण आवडला तर पुढच्या महिन्यात त्या परत घेणार, त्यासाठी कोणाला जॉइन करायची गरज नाही. दुसरा पैसा लोकांवर अवलंबून, आणि लोक तीन महिन्यांत सोडून जातात.

शिवाय साखळीचं गणित मुळातच बसत नाही. "तुम्ही फक्त सहा जण आणा, ते सहा-सहा आणतील" असं बोर्डवर गोल काढून दाखवतात ना, ते घरी येऊन कॅल्क्युलेटरवर करून बघा. सहाव्या पायरीला 46,656 माणसं लागतात, दहाव्या पायरीला 6 कोटींच्या वर, आणि अकराव्या पायरीला 36 कोटी. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाख होता, त्यात तान्ही बाळंही आली. अमेरिकेत एफटीसी म्हणून ग्राहकांच्या बाजूची सरकारी संस्था आहे, तिने सप्टेंबर 2024 मध्ये 70 मल्टिलेव्हल (साखळीने माणसं जोडणाऱ्या) कंपन्यांचे स्वतःचेच उत्पन्नाचे कागद तपासून रिपोर्ट काढला, त्यात बहुतेक लोकांची कमाई वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, खर्च न वजा करता. तिकडे ही अवस्था, तर इकडे पिंपरीच्या हॉलमध्ये वेगळं काय होणार आहे.

म्हणून मी डाउनलाइनचा पैसा शून्य धरते. आला तर दिवाळीचा बोनस.

कंपनी निवडताना

आपल्याकडे 28 डिसेंबर 2021 ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्याआधी 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं होती पण ती सल्ल्यासारखी होती, हे नियम पाळावेच लागतात. पिरॅमिड स्कीम (माल नव्हे, नवीन माणसं आणण्यावर पैसे देणारी) आणि पैसे फिरवायच्या स्कीमला त्यात सरळ बंदी आहे, आणि तशी बंदी 1978 पासून वेगळ्या कायद्यातही आहेच. तुमच्या कामाचं एवढं लक्षात ठेवा: कंपनीने जॉइनिंगचे पैसे घ्यायचे नाहीत, डेमो किट किंवा पुस्तकं, सीडी विकत घे म्हणायचं नाही, तुमच्याशी लेखी करार करायचा, करारात ठरावीक दिवसांत दंड न भरता बाहेर पडायची सोय असली पाहिजे, भारतात एक तरी खरं ऑफिस पाहिजे, आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव-नंबर वेबसाइटवर पाहिजे. तक्रार आल्यावर 48 कामकाजाच्या तासांत पोच द्यायची आणि साधारण महिन्याभरात ती सोडवायची असंही आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं तर "जॉइनिंग फ्री आहे ताई, फक्त 12 हजाराचं प्रॉडक्ट पॅकेज घ्यायचं म्हणजे आयडी ॲक्टिव्ह होतो." हे जॉइनिंग फीच आहे, फक्त तिच्यावर शाम्पूच्या बाटल्या ठेवल्यात. तिथून उठायचं. अपलाइन (ज्याच्याखाली तुम्ही जॉइन होता तो) म्हणेल पैसे वाया जात नाहीयेत, माल मिळतोय. मग त्याला विचारायचं की ह्यातला एक हजाराचाच माल घेऊन सुरू केलं तर चालेल का. चालत असेल तर पुढे बोला.

दुसरा प्रश्न मी नेहमी हा विचारते, की नवीन माणूस एकही जोडला नाही आणि फक्त माल विकला तर मला काय मिळेल, कागदावर लिहून द्या. ज्यांचा प्लॅन माल विकण्यावर उभा आहे ते दोन मिनिटांत टक्केवारी सांगतात. बाकीचे "आधी व्हिजन समजून घ्या" म्हणतात. लेफ्ट लेग, राइट लेग, पेअर मॅचिंग असले माणसं जोडायचे शब्द पहिल्या दहा मिनिटांत आले आणि साबण किती रुपयांना आहे हे अर्ध्या तासानेही कळलं नाही तर चप्पल घाला.

"सरकारमान्य कंपनी आहे" ह्याला काही अर्थ नाही. कंपनी नोंदणीचं सर्टिफिकेट, जीएसटी नंबर, पॅन हे कोणालाही मिळतं, त्यात सरकारने धंद्याची हमी दिलेली नसते. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून कधी स्थापन झाली, डायरेक्टर कोण आहेत तेवढं बघून घ्या, सहा महिन्यांची कंपनी असेल तर दूर राहा. आणि मोठं नाव असलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही, एप्रिल 2022 मध्ये ईडीने ॲमवे इंडियाच्या 757 कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली होती, कंपनीने आपण तपासाला सहकार्य करतोय असं सांगितलं, कोर्टकचेरी व्हायची ती होते, पण तेवढ्यात खालच्या माणसाला घरोघरी उत्तरं द्यावी लागतात.

मालच नसेल तर विचारच करू नका. 2011 चं स्पीकएशिया आठवत असेल, 11 हजार भरा आणि घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे भरून कमवा, मुंबईत पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा मागे लागली तोवर लाखो लोकांनी पैसे भरले होते. आजकाल तेच क्रिप्टो, ऑनलाइन कोर्स, ट्रेडिंग बॉट अशा नावांनी येतं. वस्तू नाही, वापरणारा गिऱ्हाईक नाही, नुसती आयडी विकायची. नाव बदललं तरी ओळखायला अवघड नाही.

माल आधी स्वतःच्या मोरीत चालला पाहिजे

जॉइन व्हायच्या आधी ओळखीच्या डिस्ट्रिब्युटरकडून दोन-तीन वस्तू नुसत्या गिऱ्हाईक म्हणून घ्या आणि महिनाभर वापरा. मग डी-मार्टमध्ये जाऊन त्याच प्रकारच्या वस्तूचा भाव बघा आणि ऑनलाइन साइटवरही त्याच कंपनीचा माल शोधा. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण बऱ्याच कंपन्यांचा माल ऑनलाइन डिस्ट्रिब्युटर भावापेक्षाही खाली मिळतो, ज्यांनी रँकसाठी, म्हणजे कंपनीतल्या वरच्या पायरीसाठी, माल भरून ठेवलाय ते तोट्यात काढतात. कंपन्या ह्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, दिल्ली हायकोर्टाने 2019 मध्ये साइट्सना आधी अडवलं आणि जानेवारी 2020 मध्ये मोठ्या बेंचने तो आदेश रद्द केला. तेव्हा तुमच्या गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर तीच बाटली 80 रुपये स्वस्त दिसत असेल तर तुमचा धंदा दुसऱ्याच महिन्यात संपला, ती वस्तू लिस्टमधून काढून टाका.

एकदम चाळीस वस्तू विकायला जाऊ नका. पाच-सहा निवडा, त्या पण रोज संपणाऱ्या. टूथपेस्ट, भांड्यांचं लिक्विड, कपड्यांचं लिक्विड, फरशीचं, अंगाचा साबण. सात हजाराचं वॉटर फिल्टरचं मशीन एकदाच विकलं जातं आणि नंतर सर्व्हिसचे फोन तुम्हाला येतात. प्रोटीन पावडर, गोळ्या ह्यात मार्जिन बरं असतं म्हणून सगळे तिकडे पळतात, पण तिथे बोलण्यात घसरायला वेळ लागत नाही, त्यावर पुढे लिहिलंय. खायच्या वस्तू विकायच्या असतील तर एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं) रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर लागेल का ते कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

महाग वस्तू विकायची असेल तर बाटलीची किंमत बोलू नका, एका वापराची बोला. 450 ची बाटली ऐकून बाई दार लावेल, पण झाकणभर बादलीत टाकून तिच्याच फरशीवर पुसून दाखवलं आणि सांगितलं की साधारण तीन महिने जाते, रोजचे पाच रुपये, तर ती निदान हिशोब करते. अर्थात हे खरं असेल तरच, आणि खरं आहे का ते तुम्ही स्वतः बाटलीवर तारीख लिहून घरी बघितलेलं असलं पाहिजे. कंपनीच्या ब्रोशरमधले "200 धुणी" वगैरे आकडे आपल्या पाण्याला आणि आपल्या मळाला लागू पडतीलच असं नाही.

आता पैशाचं गणित, इथे जरा थांबा

अपलाइन म्हणतो 25 टक्के नफा. 400 ला घेतलं 500 ला विकलं तर घेतलेल्या किमतीवर 25 टक्के होतात, पण विक्रीवर 20 च. तुम्ही हिशोब विक्रीवर करा.

समजा तीस घरं तुमच्याकडून दर महिन्याला सरासरी 700 रुपयांचा माल घेतात. विक्री झाली 21,000, त्यावर 20 टक्के म्हणजे 4,200. छान वाटतं. आता अर्ध्या बायका डिस्काउंट मागणार आणि तुम्ही भिडेखातर 10 टक्के देणार, गेले 1,050. पेट्रोल 600 धरा. सॅम्पल, पिशव्या, फुटलेलं-सांडलेलं 300. उरले 2,250. रोज दोन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे पन्नास तास, तासाला 45 रुपये पडले. हे वाचून काही जणींना पोळ्या लाटायला जाणं बरं वाटेल आणि त्यांचं चुकत नाही, खरंच बरं आहे ते, पैसे रोख आणि बोलणी कमी.

पण ह्याच गणितात सुधारायला जागा कुठे आहे ते बघा. डिस्काउंट ही सगळ्यात मोठी गळती आहे, 20 टक्क्यांतले 10 दिले की निम्मा नफा गेला, निम्मा, दहा टक्के नाही. म्हणून मी डिस्काउंट देत नाही, घरपोच देते आणि आवडलं नाही तर परत घेते असं सांगते, आणि ते पाळते. जी बाई फक्त डिस्काउंटसाठी घेते ती दुसरीकडे पाच टक्के जास्त मिळाले की जाणारच असते. पेट्रोल दुसरी गळती. गिऱ्हाईकं चिंचवड, हडपसर, कात्रज अशी पसरलेली असतील तर तुम्ही कुरिअर कंपनी झालात फक्त पगाराशिवाय. एकाच सोसायटीत किंवा चार गल्ल्यांत पायी जाता येईल अशी गिऱ्हाईकं करा, लांबच्या मावशीला प्रेमाने नाही म्हणा. चाळीस घरं, 800 ची सरासरी, डिस्काउंट जवळपास बंद, पायी डिलिव्हरी असं झालं तर 32,000 च्या विक्रीवर 6,400 येतात आणि खर्च जाऊन पाचेक हजार उरतात, वेळही कमी लागतो. सगळी धडपड इथपर्यंत पोचायची आहे.

भांडवल पाच हजारांच्या वर लावू नका, आणि कर्ज काढून, सोनं ठेवून, क्रेडिट कार्डावर, बचत गटातून उचलून तर अजिबात नाही. आधी ऑर्डर, मग माल. घरात साठा फक्त सगळ्यात जास्त खपणाऱ्या दोन वस्तूंचा, तोही दोन-दोन नग.

गिऱ्हाईक कसं करायचं

जॉइन झाल्यावर पहिलं काम देतात शंभर नावांची लिस्ट. त्यात नणंद, जाऊ, मामेभाऊ, शाळेतल्या मैत्रिणी, नवऱ्याचा बॉस, सगळे. माझं म्हणणं, लिस्ट करा पण नातेवाईक खोडून टाका. नातेवाईक पहिल्यांदा भिडेपोटी घेतो, दुसऱ्यांदा टाळतो आणि तिसऱ्यांदा लग्नात तुमच्या पंगतीला बसत नाही. वीस वर्षांपूर्वीचा वर्गमित्र अचानक फोन करून "कसा आहेस, एक छान अपॉर्च्युनिटी आहे" म्हणतो तेव्हा आपल्याला काय वाटतं ते आठवा, तेच लोकांना आपल्याबद्दल वाटतं.

चांगलं गिऱ्हाईक म्हणजे ओळखीचं पण फार जवळचं नाही. मुलाच्या स्कूल बसच्या स्टॉपवर उभ्या राहणाऱ्या आया, योगा क्लास, भिशी, बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या. नियम असा आहे की आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय कोणाच्या घरी माल विकायला जायचं नाही, ओळखपत्र जवळ ठेवायचं, आणि गेल्यावर मी अमुक कंपनीचा माल विकायला आलेय हे आधी सांगायचं. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. "सहज चहाला आले" म्हणून जाऊन पिशवीतून बाटल्या काढल्या की ती बाई पुढच्या वेळी आतून टीव्हीचा आवाज कमी करून गप्प बसते.

पहिल्या भेटीत विकू नका. एक छोटी बाटली किंवा पाऊच वापरायला द्या, आठवड्याने फक्त विचारा कसं वाटलं. आवडलं नाही म्हणाली तर "काय आवडलं नाही" एवढं विचारून विषय बंद. दहा जणींना दिलं की तिघी-चौघी घेतात असा माझा अंदाज, त्यातल्या दोघी टिकतात. ह्या टिकणाऱ्या दोघींवर धंदा आहे. त्यांचं काय कधी संपतं ते वहीत लिहा. मी साध्या लाँगबुकात प्रत्येक घराला एक पान देते, तारीख, काय दिलं, किती पैसे, आणि साधारण कधी संपेल. संपायच्या चार दिवस आधी एक व्हॉट्सॲप मेसेज, "काकू टूथपेस्ट संपत आली असेल, आणू का?" बस. रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर सुविचार आणि खाली प्रॉडक्टची लिंक असलं पाठवलंत तर म्यूट होणार, मग टूथपेस्टचा मेसेजही कोणी बघत नाही. ब्रॉडकास्ट महिन्यातून दोनदा पुरे, एक तारखेच्या आसपास आणि एखादा मधे.

वेळ पण बघायची. पगाराचा पहिला आठवडा सोन्याचा, वीस तारखेनंतर कोणाला 450 ची बाटली सांगू नका. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचं वाण, हा आपल्याकडचा खरा सीझन, पन्नास बायकांना देण्यासारखी 30-40 रुपयांची वस्तू प्रत्येक घराला हवी असते. कंपनीचा हँडवॉशचा छोटा पॅक, लहान साबण असं काही असेल तर डिसेंबरातच सोसायटीत विचारून ठेवा, आणि ते वाण पन्नास घरांत गेलं की पन्नास सॅम्पल कोणीतरी दुसऱ्याच्या पैशाने वाटली. दिवाळीच्या आधी साफसफाईचं सामान, उटण्याचा साबण. पितृपक्षात लोक नवीन काही सुरू करत नाहीत, तेव्हा जुन्या गिऱ्हाईकांचंच बघा.

उधारी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते ह्या धंद्याला जितकं लागू आहे तितकं कशालाच नसेल. "पुढच्या आठवड्यात देते गं" म्हणणारी बाई वाईट नसते, विसरते, आणि 350 रुपयांसाठी आपण तिसऱ्यांदा फोन करू शकत नाही. माल हातात देताना यूपीआयचा क्यूआर समोर धरायचा, सगळ्यांना सारखा नियम, आईलासुद्धा. धंद्याचं खातं वेगळं ठेवा, झिरो बॅलन्सचं दुसरं सेव्हिंग चालेल सुरुवातीला, नाहीतर भाजीचे पैसे आणि साबणाचे पैसे एक होतात आणि महिन्याच्या शेवटी नफा झाला का तोटा ते देवालाच माहीत. आणि गिऱ्हाईकाला बिल द्या, त्यावर कंपनीचं नाव, तुमचं नाव, नंबर, परत करायच्या अटी, हेही नियमात आहे.

तोंडाला आवर

सप्लिमेंट विकणारे सगळ्यात जास्त इथे अडकतात. "ह्याने शुगर जाते", "गोळ्या बंद करा", "माझ्या मामांचा कॅन्सर बरा झाला." 1954 चा औषधं आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा आहे, मधुमेह, कॅन्सर, ब्लडप्रेशर, लठ्ठपणा अशा रोगांवर गुण येतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते, त्यामुळे "मी लिहून कुठे दिलं" ही पळवाट नाही. 2021 चे नियमही म्हणतात की कंपनीने मंजूर केलेल्या दाव्यापलीकडे विक्रेत्याने काही बोलायचं नाही. कायदा बाजूला ठेवा, पण तुमच्या सांगण्यावरून कोणी इन्सुलिन बंद केलं तर? मला कोणी विचारलं की आरोग्याचं आहे का काही, तर सांगते डॉक्टरांना डबा दाखवा आणि ते हो म्हणाले तर घ्या. विक्री जाते कधी कधी. जाऊ दे.

तसंच कमाईबद्दल. स्वतःचे पेआउटचे स्क्रीनशॉट स्टेटसला टाकू नका, त्यात खर्च दिसत नाही.

अपलाइनशी कसं वागायचं

महिन्याच्या 28 तारखेला फोन येणार, "ताई फक्त 40 पीव्ही कमी पडतायत, तेवढं उचला ना, रँक जाईल." पीव्ही म्हणजे खरेदीवर मिळणारे पॉइंट. त्यांची रँक, तुमचे पैसे. प्लॅन असा असतो की डाउनलाइनचं कमिशन मिळायला तुमचीही दर महिन्याला ठरावीक खरेदी लागते. मग 900 रुपये कमिशन मिळवायला लोक 3,000 चा माल उचलतात, तो कपाटात साठतो, एक्सपायरी येते. गिऱ्हाईकांच्या ऑर्डरने खरेदी होत असेल तर झाली, नसेल तर त्या महिन्याचं कमिशन सोडून द्या. मी सरळ सांगते, ऑर्डर आहे तेवढंच उचलणार. दोन-तीन महिने नाराज होतात, मग फोन बंद करतात.

सेमिनारचे पण पैसे असतात, तिकीट, बालेवाडीपर्यंत जाणं-येणं, जेवण, कधी लोणावळ्याला मुक्काम. प्रॉडक्ट ट्रेनिंग असेल आणि फुकट असेल तर जा, खरंच उपयोग होतो, मापं कळतात, गिऱ्हाईकाच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात. मोटिव्हेशन असेल तर घरी बसा. घरचे विरोध करत असतील तर "निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा" असं तिथे शिकवतात, नवरा वहीतला हिशोब मागतो तो निगेटिव्ह नसतो हो, त्याला वही दाखवा.

टॅक्स आणि नोकरीवाल्यांसाठी

कंपनीचं कमिशन वर्षाला 20,000 च्या वर गेलं की 2 टक्के टीडीएस कापतात, ऑक्टोबर 2024 च्या आधी हा 5 टक्के होता. पॅन दिला नसेल तर 20 टक्के, म्हणून केवायसी आधी पूर्ण करा. ट्रिप, मोबाइल, मिक्सर अशी बक्षिसं पण उत्पन्नात धरली जातात, वर्षात 20,000 च्या वर मूल्य गेलं की त्यावर 10 टक्के टीडीएस आहे, "फुकट बँकॉक" तितकं फुकट नाही. हे सगळं तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या उत्पन्नाच्या तक्त्यात, दिसतं, त्यामुळे पगारदार असाल आणि सवयीने आयटीआर-1 (पगारदारांचा साधा रिटर्न) भरलात तर नोटीस येऊ शकते. कमिशन हे धंद्याचं उत्पन्न, आणि छोट्या धंद्यांना अंदाजे नफा दाखवायची जी सोपी सोय आहे ती कमिशनवाल्यांना मिळत नाही, म्हणून आयटीआर-3 लागतो. तो सीएकडून भरून घ्या, त्याची फी पण वरच्या गणितात खर्च म्हणून धरा. एवढ्या छोट्या उलाढालीला जीएसटी नंबर लागत नाही, कमिशन घेत असाल तर मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, पण माल दुसऱ्या राज्यात पाठवायला लागलात तर आधी विचारून घ्या.

झेडपी शिक्षक, तलाठी, पोलीस, कुठलेही सरकारी नोकर असाल तर तुमच्या वर्तणूक नियमांप्रमाणे (राज्य सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979, झेडपीवाल्यांना त्यांचे वेगळे) परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. "बायकोच्या नावाने आयडी काढा" हा सल्ला प्रत्येक मीटिंगमध्ये मिळतो. बायको खरंच करत असेल तर करू दे, पण तुम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये तिच्यासाठी प्लॅन दाखवायला लागलात तर तोही प्रचारच होतो आणि तक्रार करायला एक सहकारी पुरतो. प्रायव्हेटमध्ये असाल तर अपॉइंटमेंट लेटरमधलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा.

सोडायचं झालं तर

सहा महिन्यांनी वही काढा. डिस्काउंट, पेट्रोल, सेमिनार, स्वतःच्या घरात गरज नसताना वापरलेला माल, सगळं वजा करा. हजार रुपये पण उरत नसतील आणि टिकणारी घरं दहाच्या खाली असतील तर बंद करा, अपलाइन म्हणेल तुम्ही यशाच्या दारात सोडताय, म्हणू दे. करारातली माल परत घ्यायची मुदत उलटायच्या आत न उघडलेल्या वस्तू बिलासकट परत करा, आणि आयडी बंद करायला तोंडी सांगू नका, ईमेल करा, पोच ठेवा. परतावा अडवला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, तिकीट नंबर घ्यायचा, महिन्यात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन. पैसे भरून माल आलाच नाही, किंवा ॲपच गायब झालं, असा प्रकार असेल तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर.

आणि गिऱ्हाईकं टिकली असतील पण कंपनीचं जमत नसेल तर गिऱ्हाईकं सोडू नका. टपरवेअरचीच गोष्ट बघा, घरोघरच्या पार्ट्यांवर उभी राहिलेली एवढी जुनी कंपनी, सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करून बसली. कंपनी येते-जाते, चाळीस घरांची वही तुमची असते. माझ्या ओळखीच्या एकीने साबण सोडून त्याच घरांत सांडगी मिरची, मेतकूट, गोडा मसाला द्यायला सुरुवात केली, फूड रजिस्ट्रेशन काढलं, मार्जिन स्वतः ठरवते आणि महिन्याच्या 28 तारखेला तिला कोणाचा फोन येत नाही.